सोयाबीनच्या मुळांवरच्या गुलाबी गाठींमध्ये काय चालतं? वऱ्हाडच्या मातीतले जिवाणू पिकाला कसं जगवतात?

मे महिना संपत आला की अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या कृषी केंद्रांवर गर्दी वाढायला लागते. बियाण्याच्या पिशव्या, डीएपी, युरिया यांच्या यादीत एक छोटी गोष्टही असते. रायझोबियमचं पाकीट किंवा बाटली. कुणी आठवणीने मागून घेतं, कुणी 'त्यानं काय होते?' म्हणून बाजूला ठेवतं.

या पाकिटात खतही नसतं आणि औषधही नसतं. त्यात कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात. ते बियाण्यासोबत मातीत गेले आणि जगले, तर पिकाच्या मुळात घर करतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात.

पण जिवाणू म्हणजे रोग पसरवणारे जंतू, असंच आपण ऐकत आलोय. मग हे जिवाणू पिकाला मदत का करतात? मुळाला ते कसे सापडतात? आणि पाकिटावर केलेला खर्च कधी वाया जातो? समजून घेऊया सोप्या भाषेत.

चमचाभर मातीत किती जीव असतात?

वावरातली एक ग्रॅम माती घेतली, तर त्यात कोट्यवधी जिवाणू असू शकतात. सुपीक जमिनीत हा आकडा १०० कोटींच्या घरात जातो. यातले बहुतेक जिवाणू पिकाच्या फायद्याचेही नसतात आणि तोट्याचेही नसतात. पालापाचोळा कुजवणं, मेलेले जीव खाणं, हे त्यांचं रोजचं काम.

मात्र मुळाला अगदी चिकटून असलेल्या काही मिलिमीटर मातीत चित्र वेगळं असतं. तिथे जिवाणूंची संख्या बाजूच्या मातीपेक्षा कितीतरी पट जास्त असते. जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये मातीच्या या पट्ट्याला 'रायझोस्फिअर' असं नाव दिलं. मराठीत याला 'मूळ परिसर' म्हणता येईल.

तिथे एवढी गर्दी का होते? कारण तिथे खायला मिळतं.

झाड सूर्यप्रकाशात पानांमध्ये साखर तयार करतं. त्यातला बराच भाग ते मुळांकडे पाठवतं आणि त्यातला काही भाग मुळांवाटे चक्क मातीत सोडून देतं. यात साखर असते, सेंद्रिय आम्लं असतात, अमिनो आम्लं असतात. मातीतल्या बहुतेक जिवाणूंची एरवी उपासमारच चाललेली असते. त्यांच्यासाठी मूळ म्हणजे भर वैशाखात लागलेली पाणपोई.

आता झाड एवढ्या कष्टाने कमावलेली साखर फुकट का वाटतं, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर नत्रात आहे.

हवेत नत्रच नत्र, तरी पीक उपाशी का?

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नत्र म्हणजे नायट्रोजन असतो. पिकाला पानं, दाणे आणि प्रथिनं तयार करायला हाच नत्र लागतो. तरीही पिवळ्या पडलेल्या पिकाला आपण युरिया विकत आणून टाकतो.

याचं कारण नत्राच्या रेणूत आहे. हवेत नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हा बंध तोडल्याशिवाय झाडाला नत्र वापरता येत नाही आणि तो तोडायचं साधन कोणत्याही झाडाकडे नाही.

खत कारखान्यात हा बंध तोडण्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या १५० पटींहून अधिक दाब लागतो. काही जिवाणू मात्र हेच काम साध्या जमिनीच्या तापमानात करतात. त्यांच्याकडे 'नायट्रोजिनेज' नावाचं विकर असतं. हे विकर नत्राचं रूपांतर अमोनियात करतं आणि अमोनियातला नत्र पिकाला वापरता येतो.

हे काम स्वस्तात होत नाही. नत्राचा एकच रेणू फोडण्यासाठी जिवाणूला ऊर्जेचे किमान १६ रेणू (एटीपी) खर्च करावे लागतात. ही ऊर्जा साखरेतून येते आणि साखर झाडाकडे असते. म्हणून झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतो, असा हा व्यवहार आहे.

मूळ आणि जिवाणू एकमेकांना ओळखतात कसे?

सोयाबीनच्या मुळांभोवती हजारो प्रकारचे जिवाणू असतात. त्यातून नेमका कामाचा जिवाणू निवडायचा, तर ओळख पटवावी लागते. ही ओळख रसायनांच्या भाषेत पटते.

१. सोयाबीनचं मूळ मातीत 'जेनिस्टीन' आणि 'डायड्झीन' यांसारखी रसायनं सोडतं. ही एक प्रकारची हाक असते.

२. ब्रॅडीरायझोबियम नावाच्या जिवाणूला ही हाक कळते. उत्तर म्हणून तो स्वतःचं एक खास रसायन सोडतो. त्याला 'नॉड फॅक्टर' म्हणतात.

३. हे उत्तर ओळखीचं निघालं, तर मुळावरचा बारीक केस वाकतो आणि टोकाशी गुंडाळी होऊन जिवाणूला आत धरतो.

४. केसाच्या आत एक बारीक नळी तयार होते. तिच्यातून जिवाणू मुळाच्या आतल्या पेशींपर्यंत पोहोचतात.

५. त्याच वेळी मुळातल्या पेशी वाढून तिथे गाठ तयार व्हायला लागते. जिवाणू त्या पेशींमध्ये वस्तीला राहतात आणि नत्र स्थिर करण्याचं काम सुरू होतं.

पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांत या गाठी नजरेला दिसू लागतात. फुलोरा ते शेंगा भरण्याच्या काळात त्यांचं काम सर्वात जोरात असतं.

गाठ आतून गुलाबी का असते?

सोयाबीनची निरोगी गाठ नखाने फोडली, तर आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसतो. हा रंग 'लेगहिमोग्लोबिन' नावाच्या प्रथिनाचा असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे भावंडच म्हणायला हरकत नाही.

झाडाला रक्तासारखं प्रथिन कशाला लागतं? नायट्रोजिनेज या विकराला ऑक्सिजन सहन होत नाही, ऑक्सिजन लागला की ते निकामी होतं. पण जिवाणूला श्वास घ्यायला ऑक्सिजन हवाच असतो. लेगहिमोग्लोबिन यातून वाट काढतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला हवा तेवढाच मोजून पुरवतं.

परदेशात 'इम्पॉसिबल बर्गर' नावाचा मांसाशिवाय बनलेला बर्गर मिळतो. त्याला मांसासारखा रंग आणि चव देण्यासाठी सोयाबीनचंच हे लेगहिमोग्लोबिन वापरलं जातं. यीस्टच्या मदतीने ते कारखान्यात तयार करतात.

काम न करणाऱ्या जिवाणूचं काय होतं?

गाठीत राहून साखर खायची आणि नत्र मात्र द्यायचा नाही, असे आळशी जिवाणूही असू शकतात. मग झाड काय करतं?

२००३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात सोयाबीनवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी काही गाठींभोवतीच्या हवेतून नत्र काढून टाकला, म्हणजे तिथल्या जिवाणूंना इच्छा असूनही काम करता येणार नाही. अशा गाठींमध्ये जिवाणूंची वाढ खुंटल्याचं दिसलं. झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजनचा पुरवठा आखडता घेतल्याच्या खुणाही मिळाल्या. थोडक्यात, ज्याचं काम त्यालाच दाम, हा हिशेब झाड चोख ठेवतं.

हे सगळं कुणी शोधलं?

डाळवर्गीय पीक घेतलं की पुढचं पीक चांगलं येतं, हे शेतकऱ्यांना फार आधीपासून माहीत होतं. मराठीत त्यासाठी 'बेवड' हा स्वतंत्र शब्दच आहे. आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम म्हणजे बेवड. मूग, उडीद किंवा हरभऱ्याचा बेवड चांगला, असं आजही वऱ्हाडातले जुने कास्तकार सांगतात.

त्यामागचं कारण १८८६ मध्ये स्पष्ट झालं. हर्मन हेलरीगेल आणि हर्मन विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी वाळूच्या कुंड्यांमध्ये वाटाणा आणि ओट वाढवून पाहिले. ओटची वाढ दिलेल्या नत्राच्या प्रमाणातच झाली. वाटाण्याला मात्र शेतातल्या मातीचा अर्क दिला, की नत्राचं खत नसतानाही तो वाढला आणि त्याच्या मुळांवर गाठी आल्या. निर्जंतुक वाळूत या गाठी आल्या नाहीत. याचा अर्थ गाठींमागे मातीतला कुणीतरी जीव होता.

१८८८ मध्ये नेदरलँड्सचे मार्टिनस बायरिंक यांनी गाठीतून हा जिवाणू वेगळा काढून दाखवला. काही वर्षांतच जर्मनीत अशा जिवाणूंचं संवर्धक विकायलाही सुरुवात झाली. भारतात एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये इथल्या डाळवर्गीय पिकांच्या गाठींतल्या जिवाणूंचा अभ्यास केला.

या ज्ञानाचा मोठ्या प्रमाणावर फायदा ब्राझीलने घेतला. योहाना डोबेरायनर या शास्त्रज्ञ बाईंनी नत्र खतांऐवजी जिवाणूंवर भर देण्याचा आग्रह धरला. आज ब्राझील सोयाबीन उत्पादनात जगात आघाडीवर आहे आणि तिथलं बहुतांश सोयाबीन नत्र खताशिवाय किंवा अगदी थोड्या नत्रावर घेतलं जातं.

वऱ्हाडासाठी हा विषय महत्त्वाचा का आहे?

एक साधा हिशेब करून पाहूया.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतो. म्हणजे एक क्विंटल सोयाबीनमध्ये जवळपास ६ किलो नत्र असतो. एकरी १० क्विंटल उत्पादन धरलं, तर फक्त दाण्यांतून ६० किलो नत्र वावराबाहेर जातो.

युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत साधारण २१ किलो. याचाच अर्थ एकरभर सोयाबीनचे दाणे युरियाच्या सुमारे तीन गोण्यांएवढा नत्र घेऊन जातात. एवढा युरिया सोयाबीनला कुणी टाकत नाही. मग हा नत्र येतो कुठून? जगभरातल्या अभ्यासांच्या सरासरीनुसार सोयाबीनला लागणारा निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त नत्र गाठींतले जिवाणू हवेतून पुरवतात. उरलेला मातीतून येतो.

गाठी नीट आल्या नाहीत, तर या हिशेबातला मोठा वाटा गायब होतो. तो तोटा एकतर उत्पादनात दिसतो किंवा जमिनीची ताकद कमी होत जाते.

इथे एक गैरसमजही दूर व्हायला हवा. 'सोयाबीन जमिनीत नत्र सोडतं' असं सरसकट म्हटलं जातं. पण दाण्यांतून एवढा नत्र बाहेर जात असेल, तर जमिनीत फारसं काही उरत नाही. जे उरतं ते गळालेल्या पानांत, मुळांत आणि कुटारात असतं. कुटार जाळलं, तर त्यातला नत्र हवेत उडून जातो. ते जनावरांना घातलं आणि शेणखत वावरात परत आलं, किंवा कुटार वावरातच कुजवलं, तरच बेवडाचा फायदा पुढच्या पिकाला मिळतो.

प्रत्येक पिकाला एकच पाकीट चालतं का?

नाही. वर सांगितलेली रासायनिक हाक प्रत्येक पिकाची वेगळी असते. त्यामुळे जिवाणूही वेगळे लागतात. वऱ्हाडातल्या प्रमुख पिकांची विभागणी अशी आहे:

• सोयाबीन गट: फक्त सोयाबीनसाठी.
• चवळी गट: तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग, ताग आणि धैंचा.
• हरभरा गट: फक्त हरभऱ्यासाठी.

खरिपात आणलेलं सोयाबीनचं पाकीट उरलं म्हणून रब्बीत हरभऱ्याला लावलं, तर त्याचा उपयोग होत नाही. पाकिटावर पिकाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचून घेणं गरजेचं आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. तूर, मूग, उडीद ही पिकं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होत आली आहेत. त्यांचे जिवाणू मातीत आधीपासून असतात. सोयाबीन मात्र विदर्भात १९८० च्या दशकानंतर पसरलेलं पीक आहे. जिथे ते पहिल्यांदाच घेतलं जातं, तिथे त्याचा जिवाणू मातीत जवळपास नसतो आणि बीजप्रक्रियेचा फरक ठळक दिसतो. जिथे वर्षानुवर्षं सोयाबीन होतंय, तिथे जिवाणू मातीत टिकून असतात, त्यामुळे फरक कमी दिसू शकतो. शेजाऱ्याला फायदा झाला आणि आपल्याला झाला नाही, यामागे हेही कारण असू शकतं.

कपाशी आणि संत्र्याचं काय?

पऱ्हाटीच्या किंवा ज्वारीच्या मुळांवर गाठी येत नाहीत. पण तिथेही उपयोगी जिवाणू असतात. ते मुळाच्या आत घर न करता आजूबाजूला किंवा मुळाच्या पृष्ठभागावर राहतात.

• ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम: हे जिवाणू गाठीशिवाय नत्र स्थिर करतात. मात्र त्यांना मिळणारी साखर कमी असल्यामुळे ते देत असलेला नत्र रायझोबियमपेक्षा बराच कमी असतो. त्यांचा दुसरा फायदा म्हणजे ते वाढीची संप्रेरकं सोडतात. त्यामुळे मुळांच्या फांद्या वाढतात आणि पीक जास्त मातीतून पाणी आणि अन्न ओढू शकतं.

• स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी): डीएपीतला बराचसा स्फुरद पहिल्या हंगामात पिकाला मिळतच नाही. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तो कॅल्शियमशी बांधला जातो. बॅसिलस आणि स्युडोमोनास गटांतले काही जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून हा स्फुरद थोडा थोडा मोकळा करतात. चुना खूप जास्त असेल, तर या आम्लांचा प्रभाव कमी पडतो.

• लोह पकडणारे जिवाणू: स्युडोमोनास फ्लुरोसन्ससारखे जिवाणू मातीतलं लोह पकडून ठेवणारी रसायनं सोडतात. त्यामुळे रोगकारक बुरशीला लोह मिळत नाही आणि तिची वाढ मंदावते. काही जिवाणू मुळाला सावध करतात, त्यामुळे झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते.

हरभऱ्यावरचा मर रोग किंवा वरुड, मोर्शी भागातल्या संत्राबागांमध्ये फायटोफ्थोरामुळे होणारा डिंक्या, हे दोन्ही रोग मातीतूनच येतात. त्यामुळे मुळाभोवतीची जागा आधी कोण अडवतं, याला महत्त्व येतं. संत्र्याच्या बागेत स्युडोमोनाससोबत ट्रायकोडर्माही वापरतात. मात्र ट्रायकोडर्मा हा जिवाणू नसून उपयोगी बुरशी आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

खारपाणपट्ट्यात अडचण कुठे येते?

दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या तालुक्यांमध्ये खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथल्या जमिनीत सोडियमचं प्रमाण जास्त असतं आणि भूजल खारं असतं.

सोडियममुळे चिकणमातीचे कण विस्कटतात. पाऊस पडला की माती चिखल होऊन बसते आणि तिच्यातली हवा निघून जाते. मुळांना आणि गाठींना श्वास घ्यायला हवा लागते. ती मिळाली नाही की गाठी कमी येतात आणि आलेल्या गाठींचं कामही थंडावतं.

अशा ठिकाणी नुसतं पाकीट लावून फार काही होत नाही. आधी जिवाणूला राहता येईल अशी माती करावी लागते. पाण्याचा निचरा, माती परीक्षणानुसार जिप्सम, शेणखत आणि ताग किंवा धैंचाचं हिरवळीचं खत, हे उपाय त्यासाठीच सांगितले जातात. धैंच्याच्या मुळांवर स्वतःच्या गाठी असतात, त्यामुळे तो गाडल्यावर नत्रही मिळतो.

युरिया जास्त टाकला तर काय होतं?

अनुदानामुळे युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. पीक जरा फिकट दिसलं की ती टाकायचा मोह होतो.

पण मातीत तयार नत्र मुबलक असला, की सोयाबीन गाठींवर साखर खर्च करणं कमी करतं. घरात आयतं मिळत असेल तर बाहेरून कशाला आणायचं, असाच हा प्रकार. परिणामी गाठी कमी येतात, झाड पानांनी माजतं आणि शेंगा भरण्याच्या वेळी, जेव्हा नत्राची गरज सर्वात जास्त असते, तेव्हा पुरवठा तोकडा पडतो.

म्हणूनच सोयाबीनला पेरणीच्या वेळी थोडा नत्र देण्याची शिफारस असते. गाठी कामाला लागेपर्यंतची ती शिदोरी असते.

पाकीट घेताना आणि वापरताना काय पाहायचं?

हे जिवाणू जिवंत आहेत, ही गोष्ट विसरली की पैसे वाया जातात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात ठेवलेल्या पाकिटातले जिवाणू पेरणीच्या आधीच मेलेले असू शकतात. बाहेरून पाकीट मात्र तसंच दिसतं.

• जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात. मानकानुसार भुकटीच्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. लेबलवर जिवाणूचं नाव, पीक, बॅच क्रमांक आणि अंतिम मुदत पाहा.

• दुकानात ते कुठे ठेवलं होतं, हे पाहा. घरी आणल्यावर सावलीत, थंड जागी ठेवा. कीटकनाशकांच्या शेजारी ठेवू नका.

• बीजप्रक्रियेचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वात शेवटी जिवाणू. क्रम उलटा केला, तर बुरशीनाशकाचा फटका जिवाणूंनाच बसतो.

• भुकटीसाठी साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम असं प्रमाण वापरतात. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियाण्याला हलक्या हाताने लावायचं. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, जोरात चोळलं तर उगवण बिघडते.

• बियाणं सावलीत सुकवून लवकरात लवकर पेरायचं. उन्हात वाळवायचं नाही. रासायनिक खतात मिसळायचं नाही.

अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ही जिवाणू संवर्धकं तयार होतात. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रात सोयाबीनवर काम चालतं. तिथल्या वाणांच्या नावात दिसणारं 'एएमएस' हे अमरावतीचंच संक्षिप्त रूप आहे. शंका असेल तर विद्यापीठ किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं.

जीवामृतातून हेच काम होतं का?

नैसर्गिक शेतीचा प्रचार करणारे पद्मश्री सुभाष पाळेकर हे अमरावती जिल्ह्यातलेच. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांपासून बनणारं जीवामृत त्यांच्यामुळे देशभर पोहोचलं.

जीवामृतात जिवाणू भरपूर असतात, यात वाद नाही. गूळ आणि बेसनावर ते झपाट्याने वाढतात. प्रश्न कोणते जिवाणू वाढतात, हा आहे. शेणातले बहुतेक जिवाणू जनावराच्या पोटात राहायला सरावलेले असतात. सोयाबीनला किंवा हरभऱ्याला लागणारा नेमका रायझोबियम त्यात पुरेसा असेलच, अशी खात्री देता येत नाही. त्यामुळे जीवामृत वापरणाऱ्यांनीही बियाण्याला रायझोबियम लावायला हरकत नाही. दोन्हींचा एकमेकांना विरोध नाही.

गाठी आल्या की नाही, हे कसं तपासायचं?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांनी वावराच्या वेगवेगळ्या भागांतली पाच-सहा झाडं निवडा. झाड उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात. फावड्याने भोवतीच्या मातीसह काढा आणि मुळं पाण्यात हलकेच धुवा.

• गाठी आतून गुलाबी किंवा लालसर: काम सुरू आहे.
• पांढऱ्या: अजून कोवळ्या आहेत किंवा काम करत नाहीत.
• हिरवट किंवा तपकिरी: त्यांचं काम संपलं आहे.

मुळांवरच्या गाठींचे फोटो पाहून अनेकांना पिकाला रोग लागल्याची भीती वाटते. फरक ओळखणं सोपं आहे. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते आणि बोटाने सहज निघते. सूत्रकृमींमुळे आलेली गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. ती सुटी काढता येत नाही आणि आतून गुलाबी नसते.

गाठी मोजक्याच आणि पांढऱ्या निघाल्या, तर त्या हंगामात करण्यासारखं थोडंच उरतं. साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढणं आणि डवरणी करून माती मोकळी ठेवणं, एवढं करता येतं. पण पुढच्या वर्षीसाठी नोंद ठेवता येते. पाकीट कुठून घेतलं होतं, बुरशीनाशक कधी लावलं, कोणत्या भागात पाणी साचलं होतं.

मग पाकीट लावायचं की नाही?

उत्पादन दुप्पट करून देण्याचा दावा कुणी करत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. जिवाणूंमुळे मिळणारा फायदा जमीन, पाऊस आणि आधीच्या पिकांनुसार कमी-जास्त होतो. दीर्घ खंड पडला किंवा पाणी साचलं, तर चांगल्या गाठीही थांबतात. स्फुरद, गंधक, पालाश यांची गरज रायझोबियम भागवत नाही.

पण खर्चाकडे पाहिलं, तर बियाणं, फवारणी आणि मजुरीच्या तुलनेत हे पाकीट अगदी स्वस्त पडतं. नव्याने सोयाबीन घेणाऱ्या वावरात, बऱ्याच वर्षांनी हरभरा पेरताना किंवा पूर येऊन गेलेल्या जमिनीत ते टाळणं महागात पडू शकतं. बाकी ठिकाणी वावराचा एक छोटा पट्टा जिवाणू न लावता पेरून पाहता येतो. चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची झाडं काढून गाठी मोजल्या, की त्या वावरासाठीचं उत्तर तिथेच मिळतं.